मुठीवरचा पेला

लॉजवाल्या मावशीकडं एकटी बाई उतरली की मावशी तिच्या हातात स्टीलचा एक पेला द्यायची. "कडी लाव आणि हा दाराच्या मुठीवर पालथा घाल. कुणी मूठ नुसती हलवली ना, तरी असा खणखणेल, की मी लाटणं घेऊन वर आलेच म्हणून समज."

दुकानांचे वजनकाटे तपासायला आलेल्या एका पोरीच्या नवऱ्यानं तर मावशीला स्वतःहून फोन केला. "तिला जरा सांभाळा हो, दिवस वाईट आहेत." मावशी खूश. नवरा असावा तर असा!

सकाळी मावशी चहा घेऊन गेली, तर दार नुसतं ढकलल्यावर उघडलं. कडी काढलेली, पेला टेबलावर, आणि पोरगी आडवीतिडवी पसरून मेल्यासारखी झोपलेली. मावशीनं तिला गदागदा हलवून उठवलं.

"अगं भवाने, तुझ्या नवऱ्याला काय तोंड दाखवलं असतं मी? घरी तरी कडी लावतेस का नाही?"

पोरगी डोळे चोळत उठून बसली. कितीतरी दिवसांनी अशी झोप लागली होती तिला.


"लावते की, मावशी. पण घरी तो आतच असतो."