एकमेकांच्या पाठी

मिझुहो रंगाचा वाडगा घेऊन आली, तर गोल आधीच मिटलेला. रंगपटात सगळे नाचणारे मांडी घालून बसले होते, प्रत्येकाची बोटं पुढच्याच्या उघड्या पाठीवर. स्वतःची पाठ कुणाला रंगवता येत नाही, म्हणून कुरामोची सेन्सेईंच्या, म्हणजे नृत्यगुरूंच्या, मंडळीत हा गोल. पांढरं फासलं की सगळे एक देह होतात, असं सेन्सेई सांगत. आजच्या नाचाचं नावच ‘एक देह’.

"जरा सरका की," ती म्हणाली.

कुणी सरकलं नाही.

काल तालमीत तिने सर्वांदेखत म्हटलं होतं, "सेन्सेई, चिगुसाच्या कमरेवरचा हात काढा. तिला नकोय ते." तेव्हा हेच सगळे मूग गिळून बसले होते. आज बरी यांना एकजूट सुचली!

तिने चिगुसाकडे पाहिलं. मंडळीत नवीनच आलेली ती पोर खाली मान घालून पुढच्याची पाठ सारवत राहिली. "ताई, तुम्ही उगाच बोललात," ती पुटपुटली.

मिझुहो कोऱ्या पाठीनेच नाचली. शेवटी सगळे एकमेकांत गुंतून प्रेक्षकांकडे पाठ करतात. त्या पांढऱ्या ढिगात तिचं कातडं डागासारखं उठून दिसलं. टाळ्यांचा कडकडाट झाला.

सेन्सेई काळ्या किमोनोत मंचावर आले आणि चिगुसाच्या कमरेला विळखा घालून उभे राहिले.

"ही कोरी पाठ म्हणजे समाजाने टाकलेला माणूस," ते गहिवरून म्हणाले. "आम्ही कुणालाच टाकत नाही."

आणि तोच हात उचलून त्यांनी मिझुहोच्या पाठीवर ठेवला. घामाने ओला, चिकट पंजा. अंगावर पाल पडावी तशी ती शहारली. पुढच्या रांगेतल्या एका बाईने डोळ्यांना रुमाल लावला.

रंगपटात पुन्हा गोल बसला, पाठी पुसायला. या वेळी तिच्यासाठी जागा ठेवली होती. सेन्सेईंनीच जवळ केल्यावर कुणाची हरकत असणार?

चिगुसा ओला टॉवेल घेऊन उठली. "या ना ताई, मी पुसते." तिच्या कमरेवरचा रंग पंजाएवढा निघून आला होता.

"पुसू नकोस," मिझुहो म्हणाली. "तुझ्या कमरेवरचा रंग आहे तो. आधी यांना बघू दे." ती गोलाकडे पाठ करून उभी राहिली. पाठीवर पांढरी पाचही बोटं उमटली होती.

गोलातल्या माना खाली गेल्या. टॉवेल जोरजोरात चालू लागले. चिगुसाचा तेवढा हातातच राहिला.