सातवा परिच्छेद

"संसार भावनेवर चालतो, मॅडम, मोडतो मात्र पुराव्यावर!" कोनाळे वकिलांनी उजवा हात वर नेला आणि परिणामासाठी तो तसाच वर ठेवला.

"हे तुम्ही मंगळवारीही म्हणालात," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "हात खाली घ्या."

सिद्धाराम कोनाळेंनी हात खाली घेतला आणि दोन बोटांनी टेबलावर टकटक केली. मागं बसलेले त्यांचे कारकून बालाजीअण्णा, वय वर्षं एकसष्ट, यांनी पाण्याची बाटली उघडून पुढं केली. वकील पाणी प्याले. मागं वळून बघायची गरज त्यांना कधीच पडली नव्हती.

अडतीस वर्षं ते धाराशिवात घटस्फोट मिळवून देत होते. त्यांनी इतकी लग्नं मोडली होती, की भाऊबंदसुद्धा त्यांना पत्रिका लग्न लागल्यावर पाठवत. पक्षकाराला ते पहिल्याच दिवशी सांगत, "चांगलं काय असंल ते घरी ठेवा. इथं वाईट तेवढं सांगा, तारखेसकट." ते बोलत, अर्ज टाइप होऊन येई, पक्षकार सही करी. आपला अर्ज त्यांनी स्वतः कधी वाचला नाही. वाचणं हे हरणाऱ्या वकिलाचं काम, असं त्यांचं मत होतं.

आज हरणारा वकील वाचून आला होता.

"हे अकरा अर्ज बघा, मॅडम," मुजीब वकील उठले. "सगळे कोनाळेसाहेबांचे. ह्यातले सात मी हरलोय, म्हणून जपून ठेवलेत. अकरा बायका, अकरा गावं, आणि सातवा परिच्छेद शब्दाला शब्द एक!" त्यांनी खणखणीत आवाजात वाचला. "'सामनेवाला दोन बोटांनी टेबल वाजवून पाणी मागतो. पाणी देणाऱ्या अर्जदाराकडं मान वर करून पाहत नाही. एकदा अर्जदारानं मुद्दाम रिकामा पेला ठेवला, तर तोही त्यानं तोंडाला लावून खाली ठेवला.' हा छापील नवरा आहे, मॅडम! शपथेवर खोटं!"

"बेअदबी आहे ही!" कोनाळे ओरडले, आणि सवयीनं टेबलावर दोन बोटं वाजवली.

दारातला शिपाईसुद्धा हसला. बाटली पुढं करावी की नाही, हे बालाजीअण्णांना कळेना.

पिंजऱ्यात कोनाळेंची पक्षकार, सास्तूरची शिवांजली उभी होती. साडेचार वर्षं ती तारखांना येत होती. नळदुर्गला ढाबा चालवणारा तिचा नवरा कृष्णराज मागच्या बाकावरून तिच्याकडं डोळे वटारून बघत होता.

"सातवा परिच्छेद खरा आहे का?" न्यायाधीशबाईंनी तिला विचारलं.

"टेबल न्हाय आमच्यात," शिवांजली म्हणाली. "ते तांब्या वाजवतेत."

"आणि बाकीचं?"

"बाकी समदं खरंय. सहीच्या वक्ताला बालाजीकाकांनी वाचून दाखवलं, तवा मला वाटलं, ह्यास्नी आमच्या घरातलं कसं काय कळलं?"

"मग पाणी मागाया काय अर्ज करू का?" कृष्णराज मागून ओरडला.

न्यायाधीशबाईंनी त्याला खाली बसवलं. "वकीलसाहेब, तुमचे अर्ज टाइप कोण करतं?"

"घरीच होतात."

"जे करत असतील त्यांना तीन वाजता हजर करा. हा मजकूर कुठून आला ते शपथेवर सांगू दे. पटलं नाही, तर अर्ज फेटाळीन."

शिवांजलीनं पिंजऱ्याचा कठडा घट्ट धरला.

घरी कोनाळेंच्या पत्नी उमादेवी कॉम्प्युटरवर आणखी एका बाईचा अर्ज टाइप करत होत्या. कोनाळेंनी कोर्टातून आणलेले अकरा अर्ज त्यांच्यासमोर आपटले.

"हे सातवं तू घातलंस?"

"व्हय."

"कधीपासून?"

"टाइपरायटर होता तवापासून."

"अगं, दुसऱ्याच्या अर्जात मनाचं घालतीस?"

"सही घ्यायच्या आधी वाचून दाखवा, असं बालाजीभाऊजींना सांगून ठेवलंय. एक जरी न्हाय म्हणली, तर काढून टाकणार होते. अजून एक पण म्हणली न्हाय."

"पण मूळ कुठल्या पक्षकाराचं आहे हे?"

"पक्षकार न्हाय झाली ती अजून," उमादेवी म्हणाल्या.

कोनाळे खुर्चीत बसले. तिथूनच त्यांनी कोर्टातला आवाज काढला. "तीनला यायचंय तुला. सांगायचं, सगळ्यांच्या घरी असंच असतं म्हणून लिहिलं. संपलं."

"शपथ घेऊन?"

"मग?"

"मग घर कुणाचं ते सांगणार. न्हाईतर त्या पोरीचा अर्ज जाईल."

"आणि माझं हसं होईल, त्याचं काय? बाररूममध्ये तोंड दाखवायला जागा राहणार न्हाय! अडतीस वर्षं—"

"अडतीस वर्षं तुम्हीच तर माझ्या बाजूनं भांडत होता," उमादेवी म्हणाल्या. "लई चांगलं भांडलात."

त्यांनी कॉम्प्युटर बंद केला, अकरा अर्ज पिशवीत भरले आणि दारात जाऊन चपला घातल्या. घड्याळात अडीच वाजले होते.

कोनाळेंचा घसा कोरडा पडला होता. त्यांचा हात टेबलाकडं गेला. दोन बोटं वर उचलली गेली आणि तिथंच थांबली. उमादेवी दारातून त्या बोटांकडं बघत होत्या.

वकिलांनी मूठ मिटली. ते उठले आणि स्वयंपाकघरात गेले. आत बराच वेळ नुसत्या भांड्यांचा आवाज येत राहिला. डबे उघडल्याचा, कपाट लावल्याचा.

"उमा," शेवटी आतून आवाज आला, "जायच्या आधी तेवढं सांगून जातीस का? आपला माठ कुठं असतो?"