समोरून येणाऱ्या बाई

दर रविवारी दोघंही सायकलवरून फ्रान्समधल्या आनसीच्या तळ्याला उलटसुलट दिशांनी पूर्ण वळसा घालायचे, सत्तरीचे गास्पार डावीकडून आणि विधवा ओदेत उजवीकडून. एका फेरीत दोनदा समोरासमोर यायचे आणि दर भेटीत एकेकच वाक्य बोलायचे, तेही न थांबता.

"साखळीला तेल पाजा हो, मस्यू गास्पार, अख्खं तळं जागं होतंय!" सकाळी बोटींच्या धक्क्यापाशी ओदेत हसत ओरडल्या.

पलीकडच्या काठाला, जुन्या बोगद्याच्या तोंडाशी त्या पुन्हा दिसल्या आणि हिवाळाभर ओठांत धरलेलं वाक्य गास्पारनी सोडून दिलं, "मादाम ओदेत, माझ्याशी लग्न कराल?" पुढच्या क्षणी ते बोगद्यात शिरलेही.

उत्तर आता वीस किलोमीटरवर, धक्क्यापाशी! गास्पार असे सुटले, की डोंगरावरच्या बर्फानंही मान वळवून बघावं.

"काय आजोबा, शर्यत लागलीय का कुणाशी?" तरण्या सायकलवाल्यांनी विचारलं.

"लागलीय ना, सरका बाजूला!"

ते धक्क्यावर पोचले. समोरून पोरंटोरं आली, एक ओलं कुत्रं आलं, ओदेत आल्या नाहीत. पाव तास गेला. गास्पार सायकलवरून उतरले. रस्ता बदलून जाणं हाही नकारच की.

तेवढ्यात मागून कुणाच्या तरी धापा ऐकू आल्या. ओदेत होत्या. लालबुंद, घामाघूम, केस पार विस्कटलेले.

"काय माणूस आहात! विचारलंत आणि पळालात? बोगद्यापाशीच सायकल वळवली मी. तेव्हापासून 'हो, हो' ओरडत तुमच्या मागे धावतेय!"