राखणीचा आवाज

जुन्या मित्राच्या, रोहनच्या आईच्या, चांगुणाबाईंच्या मक्यात डुकरं हाकलायचा आपला भोंगा लागलाय हे कळल्यावर सतीश चरकलाच. दौंडच्या दुकानात माल टाकताना त्यानं बजावून सांगितलं होतं, त्यांच्या गावाला, खुटबावला, एकही नग जाऊ देऊ नका. पण दुकानदाराला काय त्याचं! रोहनच्या बहिणीनं, दीक्षानं, तो कुणी बनवलाय हे न विचारताच विकत नेला आणि बांधावर खांब रोवून बसवलाही. महिन्याभरानं तिनं खोक्यावरच्या नंबरला फोन लावला, तो नेमका सतीशनं उचलला. रानडुकरं आता भोंग्याला भीत नाहीत, तेवढं येऊन बघा, म्हणाली. ती कुरकुंभला ड्यूटीवर असणार होती, आई मात्र रानातच.

एके काळी सतीश आणि रोहन 'अंधारकोठडी'चे गायक होते. मेटल बँड. पुण्यापासून बंगळुरापर्यंत पोरं त्या नावाचे काळे टीशर्ट घालून मिरवायची. खालचा घोगरा गुरगुराट सतीशचा आणि वरची कानठळ्या बसवणारी किंकाळी रोहनची. तीन वर्षांपूर्वी पाटसजवळ मोटारसायकलच्या अपघातात रोहन गेला आणि सतीशनं बँड सोडला. बँड सोडला म्हणून पोट थोडंच सोडतंय? ऑर्केस्ट्रावाल्यांनी त्याचा घसा ऐकला, चहा पाजला आणि वाटेला लावलं. कंपनीतल्या रात्रपाळ्या त्याला झेपेनात. मग हे भोंगे सुचले. कुत्र्यांचं भुंकणं, वाघाची डरकाळी, स्वतःचं गुरगुरणं, सगळं त्यानं घालून बघितलं. बाकीच्या आवाजांना डुकरं नुसती बिचकली, धूम पळाली ती एकाच आवाजाला, रोहनच्या किंकाळीला. तेव्हापासून मेलेल्या मित्राच्या गळ्यावर त्याची चूल पेटत होती. भाकरी मोडताना ते आठवायचं आणि घास तोंडात फिरायचा.

आता कुठलाही आवाज जनावरांच्या अंगवळणी पडतोच. महिना-दीड महिन्यानं भोंग्यातलं आवाजाचं कार्ड बदलावं लागतं. सतीशला तर ते बरंच वाटलं. जायचं, रोहनचं कार्ड काढायचं, कुत्र्यांचं घालायचं आणि मावशींना काही कळायच्या आत निघायचं. एकाही कार्यक्रमाला न आलेल्या बाईला महिनाभरात कळलं नाही, ते आता काय कळणार, अशी त्यानं मनाची समजूत घातली.

तो पोचला तेव्हा दिवस मावळत होता. चांगुणाबाई बांधावर पोतं टाकून बसल्या होत्या. जय भीम झाला. तीन वर्षांत का फिरकला नाहीस, हे त्यांनी विचारलं नाही. तुझी पोरंबाळं बरी आहेत का, तेवढं विचारलं. त्यांनी विचारलं असतं तर बरं, असं सतीशला वाटलं. त्यानं घाईघाईनं पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला आणि खोक्याचं झाकण उघडलं.

तेवढ्यात भोंगा किंचाळला.

ही किंकाळी रेकॉर्ड करताना रोहननं सतीशचा खांदा घट्ट धरला होता. ती मक्यावरून पार पलीकडच्या उसापर्यंत गेली आणि विरली.

"व्हय रं, हाय हितंच," चांगुणाबाई म्हणाल्या. मान न वळवता, अंगणातून पोरानं हाक मारावी आणि आईनं सैपाकघरातून ओ द्यावी तशा.

सतीशच्या हातातला स्क्रूड्रायव्हर खाली पडला. मावशी, मला माफ करा, न विचारता वापरला, असं काहीबाही तो बोलायला लागला. चांगुणाबाईंनी हातानंच त्याला गप्प केलं.

"पयल्याच सांजेला वळखला. ह्याच रानात वरडू वरडू शिकला त्यो. गावात वरडला की लोकं भांडाय यायची, म्हून मीच हिकडं धाडायची. दीक्षाला न्हाई कळलं, ती तवा कानात बोटं घालून पळायची."

मग त्यांनी नव्या कार्डात काय आहे ते विचारलं. कुत्री आहेत, सतीश म्हणाला. तर नको म्हणाल्या, हाय ते ऱ्हाऊ दी. त्यानं परोपरीनं समजावलं. कणसं भरलीत, चार दिवसांत डुकरं सगळं रान आडवं करतील, वर्षाचे कष्ट मातीत जातील, दीक्षा काय म्हणेल. शेवटी म्हणाला, रोहनचा आवाज मोबाईलमध्ये घालून देतो, हवा तेव्हा ऐका.

"मोबाईलमधी हाय की, बँडच्या पोरांनी दिलाय. त्यात त्यो मेल्याला वाटतो रं. हितनं हाळी मारतोय."

पलीकडच्या कोपऱ्यात मका हलला. ताटं कडाकडा मोडायला लागली. कळप आत शिरला होता. भोंगा पुन्हा किंचाळला, पण मोडण्याचा आवाज जराही थांबला नाही. सवयीनं सतीशचा हात कार्डाकडे गेला. चांगुणाबाईंनी उठून त्याचं मनगट धरलं.

"खाऊ दी."

त्यांची पकड सुटत नव्हती. सतीशनं झाकण परत बसवलं, स्क्रू आवळले आणि पोत्यावर त्यांच्याशेजारी टेकला. अंधारात डुकरांचं चावणं स्पष्ट ऐकू येत होतं. दोघंही पुढच्या किंकाळीची वाट बघत राहिले. ती आली. कणसं मोडतच होती.

"त्येचे केस, काळी कापडं बघून समदा गाव भ्यायचा," चांगुणाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "ह्या मुक्या जनावरांस्नी बघ, महिन्यात कळलं. माझं लेकरू कुणाला मारीत न्हाई."