वायरीवरचे दात

किल्ली फिरवली की इंजिन नुसतं खोकायचं. पहिलीच गाडी घेतलेल्या हाइड्रुनला वाटलं, बॅटरी मेली. नवऱ्याने, गेरोल्डने, बॉनेट उघडून कुरतडलेली वायर दाखवली. "बॅटरी कसली, बाईसाहेब! मार्टेनने चावलीय. मांजराएवढं जनावर, पण गाडीला दुसऱ्या मार्टेनचा वास आला की पिसाळतं." तो थबकला. "तुझ्या रात्रपाळीला गाडी दवाखान्याच्या बंद तळघरात असते ना? तिथे दुसरा मार्टेन कुठून आला?" हाइड्रुन त्या इवल्या दातखुणांकडे थक्क होऊन बघत राहिली. जे या बापाला वर्षभर कळलं नाही, ते जनावराने हुंगलं होतं. "गाडी टॉर्बेनच्या दारात असते," ती म्हणाली. "तू घरातून हाकललेल्या आपल्या पोराच्या. पुढेही असेल." गेरोल्डने शेडमधून खुराड्याची जाळी आणली. "गाडीखाली अंथर, तिच्यावर मार्टेन पाय ठेवत नाही," म्हणत इथल्यापुरता तुकडा कापला. मग मान वर न करता दुसरा कापला.