हर्बर्टच्या काठीची शेंबी

"रबर लावणार असशील तर माझी काठी परत दे," हर्बर्ट म्हणाला.

शेवंतीने पक्कड खाली ठेवली. म्हातारा ठार आंधळा, काठी मोडकी, रबर फुकटात मिळतंय आणि हा नको म्हणतोय!

अंधेरीच्या गावठाणाच्या तोंडाशी, क्रुसाजवळ, ती छत्र्या दुरुस्त करायला बसू लागली त्याला थोडेच दिवस झाले होते. नवरा गेला आणि त्याची हत्यारांची पेटी तिच्याकडे आली. गावातली माणसं तिला अजून नावानिशी ठाऊक नव्हती. हर्बर्ट मात्र ठाऊक होता. रोज टकटक करत समोरून जायचा, तिच्या दिशेने टोपी उचलायचा.

त्याची काठी कुणा पाद्र्याने विलायतेहून आणलेली. पांढरा रंग उडालेला. तळाला बसवलेली लोखंडी शेंबी झिजून झिजून आज सकाळी फुटली होती. फोर्टातल्या दुकानात नवी काठी मिळते म्हणे, पण तिची किंमत ठरवताना कुठल्या आंधळ्याला कुणी विचारलं नव्हतं.

"अहो, लोखंड घसरतं," शेजारी उभा असलेला गृहस्थ म्हणाला. पांढरा झब्बा, पांढरा लेंगा, केस चापून बसवलेले. आल्या आल्या त्याने सांगून टाकलं होतं की आपलं नाव चंद्रप्रकाश आणि आपण अंध-अपंगांसाठी थोडंफार काम करतो. "रबर कसं मऊ. खर्च माझा."

"मऊ आहे म्हणूनच नको. मला आवाज लागतो, साहेब. टकटक भिंतीवर जाते, परत येते, तेव्हा मला गाव दिसतं."

"मग असं करू. शहरात आश्रम आहे, तिथे तुमची सोय लावतो. खाट, दोन वेळचं जेवण. या वयात एकट्याने भटकायचं कशाला?"

हर्बर्टचा चेहरा आक्रसला. शेवंतीला कळलं, हे बोलणं त्याने आधीही ऐकलं असणार. जोवर हा माणूस आपल्या पायांनी हिंडतोय तोवर तो गावाचा. काठी थांबली की चार दयाळू लोक त्याला गाठोड्यासारखा उचलून नेतील आणि वर स्वतःचीच पाठ थोपटून घेतील.

"तुम्ही लय शिस्तीत चालता, साहेब," हर्बर्ट एकदम म्हणाला. "दोन्ही पाय अगदी सारखे वाजतात."

"सवय आहे." गृहस्थ हसला आणि काठीकडे हात नेला. "मीच घेऊन जातो ना ही. चांगल्या कारागिराकडून करून उद्या आणून देतो."

हर्बर्टने काठी छातीशी धरली.

"बरं, राहिलं. स्टेशनवरून रबर घेऊन येतो." जाता जाता तो शेवंतीकडे वळला. आवाजातलं तूप गेलं होतं. "मी येईपर्यंत काठीला हात लावायचा नाही. समजलं?"

तो दिसेनासा झाला तशी शेवंती फणकारली, "कोण लागून गेला हा? माझी पेटी, माझे हात, आणि हुकूम याचा!"

"बाय, लोखंड लाव. पण लवकर."

"एवढी घाई कसली? मी सोडते की घरी, हाताला धरून."

"काठी वाजली नाही तर जाऊन उपयोग काय गो?"

हे काही तिला उमगलं नाही. पण गंमत वाटली. तिने पेटी उपसली. जाड छत्रीचं पितळी टोपण बसवून दिलं. हर्बर्टने दगडावर आपटून पाहिलं.

"ही कुजबुजते."

मग स्टोव्हची एक नळी ठोकून बसवली.

"ही खोकते."

"अहो बाबा, काठी दुरुस्त करून घेताय की भजनाची पेटी सुरात लावताय?"

"आवाज पार शेवटच्या घराला लागला पाहिजे. तिथली भिंत लांब आहे."

शेवंतीने पदर खोचला. मोडक्या सायकलच्या नळीचा तुकडा कापला, त्याच्या तोंडात बोल्टाचं डोकं घातलं आणि दणादण ठोकून काठीवर चढवलं. हर्बर्टने दगडावर टेकवली. खण्ण! क्रुसावरचे कावळे उडाले.

"हीच!" म्हातारा पोरासारखा हसला. "पैसे?"

"आधी चालते का बघा. चालली तर सुके बोंबील आणा चार."

"आणतो, बाय. मोठे आणतो."

तो निघाला. शेवंती कान देऊन ऐकत राहिली. रोजची त्याची चाल संथ. आज तो तीनदा झटपट ठोकत होता, थांबत होता, पुन्हा तीनदा. आणि सरळ रस्ता सोडून प्रत्येक दाराशी वळत होता. एवढं हिंडायला आज झालंय काय याला?

पहिल्या घराच्या पायरीवर एक बाई तांदूळ निवडत बसली होती. तिने मान वर केली नाही, हाक मारली नाही. सूप उचललं, आत गेली, कडी लावली. तिच्या परसातून वर चढणारा धूर एकाएकी तुटला. चर्र करून पाणी ओतल्याचा आवाज आला. मग पुढच्या घराचा धूर तुटला. मग त्याच्या पुढच्या. सडक्या गुळासारखा वास वाऱ्यावर आला आणि हळूहळू विरला.

भर दुपारी, रांधायच्या वेळी, अख्खं गाव चुली कशाला विझवतंय?

तेवढ्यात चंद्रप्रकाश धावत आला. हातात रबर नव्हतं. मागे खाकी कपड्यातले पाच-सहा जण होते, लाठ्या घेतलेले. लांबवर खणखण चालूच होती. ती कानी पडली तसा तो जागच्या जागी थांबला.

"चला, गाडीत बसा सगळे," तो मागच्यांना म्हणाला. "म्हातारा आजही आपल्या आधी पोचला. आता एका घरात दारूचा थेंब सापडायचा नाही."