पाठीवरचा पिवळा ठिपका

निवृत्तीला दोन दिवस उरले असताना, कोलकात्याच्या संग्रहालयात निरुपम बागचींना अखेर नवी प्रजाती गवसली. भुंगेरा नेहमीसारखाच काळा, पण पाठीवर पिवळा ठिपका. जुने चार हजार नमुने उपसले, तसा ठिपका एकाच्याही पाठीवर नव्हता. त्यांनी अकरा पानी वर्णन लिहिलं, प्रजातीला बायकोचं, सुलेखाचं नाव दिलं आणि तिला मुद्दाम बोलावून भिंगापुढे बसवलं.

सुलेखानं बराच वेळ निरखून पाहिलं.

"अहो, किती वर्षं सांगतेय, डबा खाताना हे किडे पुढ्यात घेत जाऊ नका. ही माझ्या परवाच्या इलिश माशातली वाटलेली पिवळी मोहरी आहे."

आणि पदराचं टोक ओलं करून तिनं ती प्रजाती जगातून नामशेष केली.